पुरेसे म्हणजे किती? मूळ संख्या, चांदीची नाणी आणि दामोदर कोसंबी

(थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचावा. मध्ये थोडे गणित येते. वही-पेन्सिल जवळ असल्यास उत्तम.)

कराडच्या विद्यानगरात एखाद्या अभ्यासिकेत सायंकाळी डोकावले, तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले एका चमत्कारिक प्रश्नप्रकाराशी झुंजताना दिसतात. प्रश्न साधारण असा असतो: क्ष ही दोन अंकी संख्या आहे, ती मूळ संख्या आहे काय? खाली दोन विधाने दिलेली असतात. पहिले: क्ष ला ६ ने भागल्यास बाकी १ किंवा ५ उरते. दुसरे: क्ष ला ५ ने किंवा ७ ने निःशेष भाग जात नाही. विद्यार्थ्याने क्ष शोधून काढायचा नसतो. दिलेल्या माहितीवरून प्रश्नाचे उत्तर निश्चित देता येईल की नाही, एवढेच सांगायचे असते. मार्गदर्शक पुस्तके या प्रकाराला ‘माहितीची पर्याप्तता’ म्हणतात. पहिले विधान एकटे पुरते का, दुसरे एकटे पुरते का, दोन्ही मिळून पुरतात का, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, एवढेच पर्याय.

पहिले विधान एकटे घ्यावे. ११ त्यात बसते आणि ती मूळ संख्या आहे. २५ सुद्धा बसते आणि ती मूळ नाही. म्हणजे पुरत नाही. दुसरे एकटे घ्यावे. ११ बसते, १२ ही बसते. तेही पुरत नाही. आता दोन्ही एकत्र. पहिल्या विधानाने २ आणि ३ हे भाजक बाद झाले, दुसऱ्याने ५ आणि ७. उरलेला सर्वांत लहान मूळ भाजक ११; पण ११ गुणिले ११ म्हणजे १२१, आणि ही संख्या दोन अंकांत मावत नाही. दोन अंकी संयुक्त संख्येला ७ किंवा त्याहून लहान असा एखादा मूळ भाजक असावाच लागतो. तो येथे नाही. म्हणून क्ष मूळ आहे, यात संशय नाही. दोन्ही विधाने मिळून पुरतात.

येथे एक गोष्ट पटकन नजरेतून सुटते. उत्तर निश्चित झाले, तरी क्ष कोणती संख्या आहे हे अजूनही कोणालाच ठाऊक नाही. दोन अंकी मूळ संख्या एकवीस आहेत. त्यांपैकी कोणतीही असू शकते. प्रश्न ‘क्ष मूळ आहे काय?’ असा न विचारता ‘क्ष किती?’ असा विचारला असता, तर हीच दोन विधाने अपुरी ठरली असती. माहितीत एका अक्षराचाही बदल झालेला नाही. बदलला तो प्रश्न. पुरावा पुरेसा आहे की नाही हे पुराव्याकडे पाहून ठरत नाही. तो कोणत्या प्रश्नासमोर ठेवला आहे यावरून ठरते. पुढची सारी हकीकत याच एका खुंटीला टांगलेली आहे.

मुलांचे गुण जातात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे ‘नाही’ हेही उत्तर असते, याचा विसर पडतो. ‘क्ष ही दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे’ असे विधान असेल, तर क्ष मूळ नाही हे ठाम कळते. विधान पुरेसे आहे. पण मन ‘होय’ शोधत असल्याने हात ‘अपुरे’ या पर्यायाकडे जातो. दुसरी चूक अधिक खोल आहे: तीन-चार संख्या घालून पाहायच्या, जमले की पुढे जायचे. लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये दाखवून दिलेले एक सूत्र या सवयीवर जालीम औषध आहे. एखादी संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, त्यात तीच संख्या मिळवावी आणि वर ४१ मिळवावेत. शून्यापासून सुरुवात केली तर ४१, ४३, ४७, ५३, ६१ अशा मूळ संख्या येऊ लागतात. पाच झाल्या, दहा झाल्या, वीस झाल्या, सगळ्या मूळच. शून्यापासून ३९ पर्यंत सलग चाळीस वेळा सूत्र खरे ठरते. चाळीसावर मात्र १६८१ येते, आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस साक्षीदार एकमुखाने बोलले आणि एकेचाळिसावा उलटला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही. त्यासाठी कराडच्या बाहेरही जावे लागत नाही.

मध्यप्रदेशातील भारहुतच्या स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ मध्ये उजेडात आणले. त्याच्या कठड्यावरील दानलेख इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचे मानले जातात. त्यांत एक दान ‘करहाकट’ येथील निगमाचे आहे. निगम म्हणजे नगर, किंवा नगरातील व्यापाऱ्यांचा समुदाय. इकडे कोकणात, रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेण्यांत, ‘करहाकड’ येथील महिक नावाच्या लोहवाण्याने, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याने, एक लेणे दान दिल्याचा लेख आहे. आणि कराडलगत जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरात बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे.

आता प्रश्न मांडावा. ‘करहाकट नावाचे गाव होते काय?’ भारहुतचा लेख एकटा पुरेसा आहे. ‘ते गाव म्हणजे आजचे कराड काय?’ येथे तोच लेख अपुरा पडतो, कारण गाव कोठे होते याबद्दल तो काही बोलत नाही. आगाशिवची लेणी एकटी घेतली तर ती कराडजवळ जुनी, संपन्न वस्ती होती एवढे सुचवतात. त्या वस्तीचे नाव सांगत नाहीत. दोन्ही एकत्र केली तर? अनेक जण येथे घाईने ‘पुरेसे’ या पर्यायावर टिंब काढतात. काटेकोरपणे पाहिले तर एक दुवा अजून हवा: कराड या जागेला जुन्या काळी त्याच्या जवळपासचे नाव होते, याचा लेखी आधार.

तो दुवा राष्ट्रकूटांकडून मिळतो. तिसऱ्या कृष्णाचा शक ८८० चा, म्हणजे इसवी सन ९५९ चा ताम्रपट खुद्द कराडात सापडला. दान दिले तेव्हा राजा दूर दक्षिणेत मेलपाटीच्या छावणीत होता. पण दान घेणारा गगनशिव हा करहाट येथील शैव मठाशी संबंधित होता, आणि दान दिलेले गावही करहाट विभागातले होते. ताम्रपट कोठे सापडला एवढ्यावरून फारसे काही सिद्ध होत नसते. ताम्रपट हातोहात प्रवास करतात. येथे मात्र सापडल्याची जागा आणि आतला मजकूर एकमेकांना दुजोरा देतात. करहाकट, करहाट, कऱ्हाड, कराड ही साखळी मग ध्वनिपरिवर्तनाच्या ओळखीच्या वाटेने जुळते, आणि हुल्श यांच्यासारख्या लेखतज्ज्ञांनी केलेली ही ओळख आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. ती मान्य करावी अशीच आहे. पण १२१ दोन अंकांत मावत नाही, या अर्थाने ती सिद्ध नाही. हे दोन प्रकारचे ‘पुरेसे’ आहेत आणि ते एकाच शब्दाने ओळखले जातात, ही भाषेची गरिबी आहे.

(जाता जाता: एका महिक लोहवाण्यावरून ‘सातवाहनकालीन कराड ही लोखंडाची प्रचंड बाजारपेठ होती’ असे लिहिणारे थ्रेड अधूनमधून फिरत असतात. एका वाण्यावरून फार तर एक वाणी सिद्ध होतो.)

या दोन ‘पुरेशां’च्या मधल्या फटीत ज्याने अर्धे आयुष्य काढले आणि अखेर ज्याला तिथेच ठेच लागली, तो माणूस इतिहासाच्या विद्यार्थ्यांना चांगला माहीत आहे. गणिती म्हणून मात्र त्याची ओळख बहुतेकांना नसते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसंबे येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून उच्च श्रेणीत पदवीधर झाले. परतल्यावर बनारस, अलीगढ आणि १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय अशी गणिताची अध्यापकी केली. १९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. पुण्याहून मुंबईला ‘डेक्कन क्वीन’ने जायचे, गाडीत वाचायचे, सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर दगडी हत्यारे आणि देवतांचे तांदळे शोधत हिंडायचे. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा गाजलेला इंग्रजी ग्रंथ १९५६ मध्ये. जनुकशास्त्रात गुणसूत्रावरील अंतरे मोजण्याचे एक सूत्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. तो निबंध १९४४ चा.

त्यांच्या खोडकरपणाचा एक मासला पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावा. अलीगढच्या दिवसांत, तरुण फ्रेंच गणिती आंद्रे वेय यांच्या सूचनेवरून, त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात बुर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार घेतला होता. असा कोणी रशियन गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. काही वर्षांनी वेय आणि त्यांच्या मित्रांनी ज्या सामूहिक टोपणनावाने आधुनिक गणिताची पाठ्यपुस्तके लिहिली, ते नाव हेच: बुर्बाकी.

कोसंबी इतिहासात शिरले ते नाण्यांच्या वाटेने. आणि तेथे त्यांनी जे केले, ते माहितीच्या पर्याप्ततेचा वस्तुपाठ म्हणून प्रत्येक इतिहासवर्गात शिकवावे असे आहे.

चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी, आपल्याकडे हजारोंनी सापडतात. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. सूर्य, डोंगर, झाड, हत्ती अशी चिन्हे फक्त. कोणते आधीचे, कोणते नंतरचे? १९४० च्या सुमारास कोसंबींनी तराजू हातात घेतला. युक्तिवाद साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. झीज एका नाण्यात मोजून काही कळत नाही, कारण ते मुळातच हलके पडले असेल, कोणी कातरले असेल, मातीत गंजले असेल. परंतु एकाच वजनप्रमाणाची, एकाच निधीत सापडलेली, एकाच रीतीने साफ केलेली शेकडो नाणी घेतली, तर त्यांचे सरासरी वजन बोलू लागते. जो गट जास्त काळ चलनात होता त्याची सरासरी कमी, आणि त्यातील वजनांची पसरणही जास्त.

हे नुसते म्हणून ते थांबले नाहीत. आपल्याच काळातील, टांकसाळीचे साल छापलेली चालू नाणी त्यांनी मोठ्या संख्येने वजन केली. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नावर पद्धत चालवून पाहिली आणि सालानुसार वजन खरोखर घटते याची खात्री करून घेतली. मग तक्षशिलेच्या निधींकडे वळले. नाण्याच्या मागील बाजूस बारीक ठसे असतात. वेळोवेळी नाणी पारखणाऱ्यांनी ते मारले असावेत, असे त्यांचे मत. ते खरे असेल तर मागचे ठसे जितके जास्त तितके नाणे जास्त फिरलेले, म्हणून तितके हलके असायला हवे. मोजणीत सरासरी वजन तसेच उतरत गेलेले दिसले. दोन स्वतंत्र विधाने एकमेकांकडे बोट दाखवू लागली.

त्यांनी कोणता प्रश्न विचारला, हे नीट पाहावे. ‘हे नाणे कोणत्या वर्षीचे?’ असा नाही. त्याला वजन पुरत नाही. ‘हा गट त्या गटाच्या आधीचा काय?’ असा. प्रश्न समूहाविषयी आहे, आणि पुरावाही समूहाचाच आहे. दोघांची जात जुळते.

आता मूळ संख्यांकडे. पुढचे चार परिच्छेद गणिताचे आहेत, पण टाळू नयेत.

१०० पर्यंत मूळ संख्या २५ आहेत, १,००० पर्यंत १६८, १०,००० पर्यंत १,२२९, दहा लाखांपर्यंत ७८,४९८. पुढे जावे तशा त्या विरळ होतात. पण नेमकी पुढची कोठे येईल, हे सांगणारा सोपा नियम सापडत नाही. ११ आणि १३ यांच्यासारख्या जोडमूळ संख्या शेजारी येतात, तर कोठे लांबच लांब पट्टे ओसाड पडतात. कार्ल गाऊसने विद्यार्थिदशेतच कोष्टके चाळून विरळ होण्याचा हा वेग ओळखला. त्याच्या सूत्राने १,००० पर्यंत सुमारे १७८ मूळ संख्या असाव्यात, १०,००० पर्यंत सुमारे १,२४६, दहा लाखांपर्यंत सुमारे ७८,६२८. अंदाज विलक्षण जवळचा आहे. आणि प्रत्येक वेळी किंचित जास्त आहे.

प्रत्येक वेळी? आजवर संगणकाने थेट जितके मोजले आहे, तितक्यात प्रत्येक वेळी. गाऊसचा अंदाज खऱ्या संख्येपेक्षा नेहमीच जास्त असतो, असे कोणीही डोळे झाकून म्हणावे अशी स्थिती. १९१४ मध्ये जॉन लिटलवूड यांनी सिद्ध केले, की हे खोटे आहे. पुढे कधीतरी बाजू पालटते, आणि अगणित वेळा पालटते. पहिली पालट जेथे असण्याचा संभव आहे त्या संख्येला तीनशेहून अधिक अंक आहेत. ऑयलरच्या सूत्रातले साक्षीदार चाळिसावर थकले. येथे मानवजातीने कधीही न मोजलेल्या आकड्यांपर्यंत सगळे साक्षीदार एकाच बाजूला आहेत, आणि तरीही निकाल उलट आहे.

गाऊसचा अंदाज आणि खरी गणती यांत जास्तीत जास्त किती तफावत पडू शकते, हा प्रश्न बर्नहार्ड रीमान यांच्या १८५९ च्या एका छोट्या निबंधाशी जाऊन भिडतो. त्यातील एक तर्क, जो ‘रीमानचे गृहीतक’ म्हणून ओळखला जातो, खरा असेल तर तफावत फार लहान, साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाच्या मापाची राहते. तो तर्क आजही सिद्ध झालेला नाही. लाखो कोटी तपासण्या त्याच्या बाजूने आहेत. लिटलवूडची गोष्ट ऐकल्यानंतर त्या तपासण्यांचे वजन किती मानावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

कोसंबी या प्रश्नाकडे संख्याशास्त्रज्ञाच्या नजरेने आले, म्हणजे नाण्यांकडे आले त्याच नजरेने. त्यांनी संख्यारेषा अशी ताणून घेतली की मूळ संख्यांची विरळता सर्वत्र समान व्हावी. मग तिचे सारख्या लांबीचे तुकडे पाडून प्रत्येकात किती मूळ संख्या पडतात ते पाहिले. एखाद्या कार्यालयात दर तासाला येणाऱ्या दूरध्वनींची गणती जशी पसरते, तशीच ती गणती पसरलेली असते, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे मूळ संख्या या जणू यदृच्छेने उचललेला नमुना आहेत. मग यदृच्छेचे सामर्थ्यवान सिद्धांत त्यांना लावावेत. १९५९ मध्ये कृषि-संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला, आणि त्या वाटेने रीमानचे गृहीतक सिद्ध होते असा दावा पुढे आला.

तो टिकला नाही. आक्षेपाचा गाभा असा सांगता येईल. एखादे नाणे अनंत वेळा उडवले तर निम्मे छापे पडतील, हे संभाव्यताशास्त्र शंभर टक्के खात्रीने सांगते. ही खात्री सर्व संभाव्य क्रमांच्या मेळाव्याविषयी असते: त्यांतले जवळजवळ सगळे असे वागतात. पण कोणी एक विशिष्ट, आधीच लिहून ठेवलेला क्रम समोर टाकला आणि ‘यात निम्मे छापे आहेत काय?’ असे विचारले, तर तो सिद्धांत मूक होतो. हा क्रम त्या ‘जवळजवळ सगळ्यां’मधला आहे, की बाहेर राहिलेल्या थोड्यांमधला, हे त्याच क्रमाकडे पाहून ठरवावे लागते. मूळ संख्यांची यादी कोणी उडवलेली नाही. ती एकच आहे, आणि ठरलेली आहे. २ नंतर ३ येते, यात यदृच्छा नाही.

नाण्यांच्या बाबतीत प्रश्न गटाचा होता आणि उत्तरही गटाचे. येथे प्रश्न एकाच क्रमाचा होता आणि पुरावा मेळाव्याचा. ‘क्ष मूळ आहे काय?’ याला जे पुरले, ते ‘क्ष किती?’ याला पुरत नाही, हे ज्या माणसाला तराजू हातात असताना पक्के ठाऊक होते, त्याचा पाय नेमका तेथेच घसरला. हा आळस नव्हता, अज्ञानही नव्हते. जी पद्धत एकदा भरभरून फळली, तिच्यावर माणसाचा जीव जडतो. आणि इतिहासकार म्हणून कोसंबींचे जे सर्वांत मोठे बळ होते, दोन विद्याशाखांच्या मधली भिंत न मानण्याचे, त्याच बळाने त्यांना येथे दगा दिला.

किंमत मोठी पडली. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांचा करार पुढे चालू राहिला नाही. याची कारणे एकाहून अधिक सांगितली जातात. भाभांशी दुरावा होता. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा या देशाला अधिक योग्य, असे कोसंबी जाहीरपणे म्हणत. इतिहास आणि पुरातत्त्वात त्यांचा फार वेळ जातो, अशी कुरकुर होती. आणि रीमानवरील निबंधामुळे गणितज्ञांत त्यांच्याविषयी अविश्वास निर्माण झाला होता. यांपैकी कोणते एक कारण एकटे पुरेसे होते, हा प्रश्न विद्यानगरच्या मुलांना घालावा असा आहे. सगळी मिळून पुरली, एवढे घडलेल्या गोष्टीवरून दिसते.

सतरा वर्षांची नोकरी संपलेला, पंचावन्न वर्षांचा माणूस यानंतर मूळ संख्यांपासून दूर झाला असता, तर कोणी दोष दिला नसता. ते दूर झाले नाहीत. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्यांचा मूळ संख्यांच्या नमुना-वितरणावरील निबंध आला. याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आणि मग भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात मूळ संख्या आणि संभाव्यता या विषयावर ‘एस. ड्युक्रे’ नावाच्या कोणा लेखकाचे निबंध प्रसिद्ध झाले. नाव फ्रेंच वाटते. कोकणी-मराठी कानाला मात्र ते ओळखीचे वाटेल: दुकर, डुक्कर. हा ड्युक्रे म्हणजे कोसंबीच. अलीगढला एक रशियन जन्माला घालणारा तरुण तीस वर्षांनी स्वतःसाठी एक फ्रेंच घडवत होता. तेव्हाच्या विनोदात नुसती खोडी होती. या विनोदाला कडवट चव आहे.

याच काळात त्यांची इतिहासावरची उत्तम पुस्तकेही येत होती: पुराणकथा आणि वास्तव यांवरचा निबंधसंग्रह १९६२ मध्ये, प्राचीन भारताच्या संस्कृतीची रूपरेषा १९६५ मध्ये. १९६४ पासून त्यांना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची सन्माननीय शास्त्रज्ञपदाची वृत्ती मिळाली आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करण्याची सोय झाली. २९ जून १९६६ च्या पहाटे पुण्यात, झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५८.

इतिहासकार कोसंबींवर ढीगभर लिहिले गेले. त्यांच्या वर्गविश्लेषणावर, मिथकांच्या वाचनावर, सरंजामशाहीच्या मांडणीवर परिसंवाद होतात; वाद होतात, ते व्हावेतच. पण आहत नाण्यांच्या निबंधांतली कोष्टके उघडून पाहणारा इतिहासाचा विद्यार्थी विरळा, आणि मूळ संख्यांवरच्या निबंधांकडे तर ‘म्हातारपणचा भ्रम’ म्हणून हात झटकले जातात. हे दोन्ही अन्यायाचे आहे. चुकलेला युक्तिवाद कोठे चुकला हे पाहिल्याशिवाय न चुकलेला का चुकला नाही, हे कळत नाही. रीमान बाजूला ठेवला, तर मूळ संख्या यादृच्छिक नमुन्यासारख्या वागतात ही कल्पना स्वतः वेडगळ नाही. हाराल्ड क्रामेर यांनी १९३० च्या दशकात तीच धरून मूळ संख्यांमधील अंतरांविषयी तर्क मांडले होते, आणि आजचे संख्याशास्त्रीय अंदाज तिच्या आधाराने बांधले जातात. क्रामेर त्यांना तर्क म्हणाले. कोसंबी सिद्धता म्हणाले.

मूळ संख्यांवर त्यांनी एक पुस्तकही लिहून पूर्ण केले होते. ते प्रसिद्ध झाले नाही आणि त्याचे हस्तलिखित आज उपलब्ध नाही. निधनानंतर पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, रामकृष्ण रामस्वामी यांनी त्यांच्या निवडक गणिती आणि संख्याशास्त्रीय लेखनाचा इंग्रजी खंड संपादित केला. नाण्यांच्या अभ्यासाची गणिती बाजू, गुणसूत्रांचे सूत्र, बुर्बाकीची थट्टा आणि ड्युक्रेच्या नावामागची हकीकत, हे सगळे एकत्र समजून घ्यायचे तर सुरुवात त्या खंडापासून करावी.